दोरीच्या उड्या आणि दमसास



पेडणे तालुक्यातील जत्रांत दशावतारी नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. डोक्यावर मुकुट, अंगावर जड पोशाख. तरी नट रात्रभर बोलतो, गातो, युद्धाच्या प्रसंगी गिरक्या घेतो, आणि त्याचे वाक्य मध्येच तुटत नाही. यालाच आपण दमसास म्हणतो. तो अंगी यावा म्हणून धावण्याचा उपदेश केला जातो. परंतु डिचोलीच्या खाणपट्ट्यात ज्या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक जातात, तेथे धावणे धुळीचे आणि धोक्याचे. अशा ठिकाणी उड्यांची दोरी हे थोड्या पैशांत मिळणारे, अंगणात मावणारे साधन होय.

तथापि पुष्कळजण हौसेने दोरी आणतात आणि आठवड्याभरात पोटऱ्या दुखू लागल्या की ती खुंटीला टांगतात. दोष बहुधा अंगाचा नसतो. दोरीच्या मापाचा आणि आपल्या उतावळेपणाचा असतो.

प्रथम दोरी पाहू. काथ्याचे सुंभ घरात असते, परंतु ते खरखरीत असल्यामुळे तळहात सोलतात. सुती दोरी मऊ खरी, पण पावसाळ्यात ओल धरते. तारेची दोरी फार वेगाने फिरते आणि चुकल्यास पोटरीवर वळ उठवते, ती सरावलेल्यांची. नवशिक्याने मध्यम जाडीची प्लॅस्टिकची दोरी घ्यावी. तिला थोडे वजन असल्याने ती कोठे आहे हे हाताला कळते. मुठींत दोरी मोकळी फिरली पाहिजे, नाहीतर तिला पीळ पडतो. मापासाठी दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून दोन्ही टोके वर ओढावीत. मुठी काखेपर्यंत आल्या की माप बरोबर. मोठ्यांची दोरी मुलांनी वापरू नये. लांब दोरी जमिनीवर आपटते आणि पायांत अडकते.

जागाही पाहावी. सिमेंट आणि चिरे यांवर उड्यांचा हिसका नडगीला बसतो; चोपलेल्या मातीचे अंगण उत्तम. पावसात अंगणात शेवाळ धरते, तेव्हा पडवीत यावे, पण आधी छपराची उंची पाहावी. छप्पर ठेंगणे असल्यास दोन्ही मुठी एका हातात धरून दोरी बाजूला फिरवावी आणि त्या तालावर उड्या माराव्यात. उडी बोटा-दोन बोटांहून उंच नसावी. पाय चवड्यावर टेकावेत, गुडघे किंचित वाकलेले असावेत, आणि दोरी खांद्याने नव्हे, मनगटाने फिरवावी.

आता दमसासाविषयी. आषाढी वारीसाठी गोव्यातून पंढरपूरला पायी दिंड्या जातात. वारकरी सारी वाट एका दिवसात तोडू पाहत नाही. त्याचा रोजचा टप्पा ठरलेला असतो आणि मुक्कामही. आपणही तसेच करावे. पहिल्या आठवड्यात ३० सेकंद उड्या आणि ३० सेकंद विसावा, अशा १० फेऱ्या, एक दिवसाआड. पुढे दर आठवड्याला उड्यांचा काळ ५ ते १० सेकंदांनी वाढवावा. विसावा तेवढाच ठेवावा. विसाव्याच्या शेवटी एक पूर्ण वाक्य सहज बोलता आले पाहिजे. ते न जमल्यास पुढची फेरी थोडी थांबून करावी. नडगी दुखली तर दोन-चार दिवस केवळ चालावे. छातीत कळ आली किंवा चक्कर आली तर तत्काळ थांबून वैद्यकीय सल्ला घ्यावा. हृदयाचा वा गुडघ्यांचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून दोरी हाती धरू नये.

दमसास केवळ उड्यांनी वाढत नाही. उड्या आणि विसावा यांच्या नियमित मेळाने वाढतो. म्हणून दुसऱ्याच्या उड्या मोजू नयेत. दोरी आपल्या उंचीची असावी आणि उड्या आपल्या दमाच्या. मग ती खुंटीवर फार दिवस राहणार नाही.