रांचीची छत्री

मागच्या रांगेत फिशपॉन्डची वाट बघत बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

सूत्रसंचालकांनी मला आतापर्यंत सात वेळा ‘सर’ म्हटलं. मी मोजलं. प्रथिनांवर काम करणाऱ्यांना मोजायची खोडच असते. इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगरना तर सरकारनेच ‘सर’ करायचं ठरवलं होतं. त्यांनी नकार दिला. लोकांनी आपल्याला ‘सर’ म्हणावं हेच त्यांना नको होतं. नोबेल मात्र दोनदा घेतलं, १९५८ आणि १९८० साली, दोन्ही रसायनशास्त्राचीच.

केंब्रिजला पीएचडीसाठी त्यांना पहिला विषय मिळाला गवताचा! गवतातून माणसाला खाण्याजोगं प्रथिन काढता येईल का? पण मार्गदर्शकच दुसरीकडे निघून गेले आणि गवत तिथंच राहिलं. पुढे १९४३ मध्ये सँगर इन्सुलिनकडे वळले.

इन्सुलिन हे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळेत कोणते मणी आहेत ते कळत होतं. कोणामागे कोण, ते कळत नव्हतं. ठरलेला क्रम असतो की नाही, इथूनच शंका होती. आता तुमच्या फिशपॉन्डकडे या. एकच ओळ शंभर चिठ्ठ्यांवर लिहा, प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या जागी फाडा आणि तुकडे कालवा. एकावर ‘जोशीसरांची’, दुसऱ्यावर ‘रांची छत्री’. झारखंडला जाऊ नका! ‘रांची’ दोन्हीकडे आहे, म्हणजे तुकडे तिथं एकमेकांवर बसतात: जोशीसरांची छत्री. सँगरनी नेमकं हेच केलं. साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला चिकटणारं एक रसायन त्यांनी वापरलं. ते टोक पिवळं होई. मग आम्लाने साखळी तोडायची, तुकडे गाळणकागदावर वेगळे करायचे, वाचायचे, पुन्हा दुसरीकडे तोडायची. व्हिएन्नाहून आलेले हान्स टुप्पी इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी तीस मण्यांच्या साखळीला भिडले, दुसरी एकवीसची. दोन्ही साखळ्यांना जोडणारे गंधकाचे पूल नेमके कुठे आहेत, यानेही बराच छळ केला.

१९५५ साली सगळे ५१ मणी जागेवर बसले. बारा वर्षं! एवढ्या काळात पहिलीतलं पोर बारावी होतं. पण क्रम ठरलेला असतो, हे पक्कं झालं.

पासष्टाव्या वर्षी सँगर निवृत्त झाले आणि बागकामाला लागले. मीही आता खाली बसतो. माझ्या नावाचा एक फिशपॉन्ड आलाय म्हणे. वाचा खुशाल, फक्त फाडून देऊ नका.