कानानं पाहू नये



दुर्बीण आणि बंदूक या विषयावर बोलणार असं सांगितलं, तेव्हा एका मित्रानं विचारलं, "कवीला बंदुकीशी काय करायचंय? तेही भिवंडीच्या?" त्याचं म्हणणं खोटं नाही. भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड आठवते, गोदामं आठवतात, खड्डे आठवतात. पण आमच्या गावातून एक रस्ता वाड्यावरून मनोरला जातो. वाडा मागे टाकलं की दोन्ही बाजूंना रान दिसू लागतं. त्याच रस्त्याच्या पलीकडच्या टोकाशी घडलेल्या एका घटनेमुळे मी आज बोलतो आहे.

२०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. रानात त्यांची पांगापांग झाली. कुणाला तरी झाडीत चाहूल लागली, डुक्कर आलं असं वाटलं आणि बार निघाला. समोर डुक्कर नव्हतं, आपल्याच टोळीतला माणूस होता. तो गेला. पुढची बातमी वाचून काळीज आणखी हललं. भेदरलेल्या सोबत्यांनी पोलिसांना कळवलं नाही, मृतदेह झाडीत लपवला. काही दिवसांनी सारं उघडकीला आलं.

शिकार बेकायदा आहे, मग गेलेच कशाला, असं कुणीही म्हणेल. बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर त्या कायद्याच्या कलम ११ नुसार रीतसर परवानगी मिळू शकते. पण एका प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. माणसाला माणूस डुकरासारखा कसा काय दिसतो? मला वाटतं, तो दिसलेलाच नसतो. ऐकू आलेला असतो. पानांची सळसळ झाली, फांदी मोडली आणि उरलेलं डुक्कर मनानं तयार केलं. डुकराची वाट बघत बसलेल्याला सगळीकडे डुक्करच दिसतं.

ही चूक फार जुनी आहे. आपल्या घराघरांत ती गोष्ट म्हणून सांगितली जाते. शरयूच्या काठी रात्रीच्या अंधारात श्रावणबाळ आंधळ्या आईवडिलांसाठी पाणी भरत होता. घागरीचा बुडबुड आवाज दशरथानं ऐकला. हत्ती पाणी पितो आहे, असं त्याला वाटलं. राजा शब्दवेधी होता, नुसत्या आवाजावर नेम धरण्यात पटाईत. बाण सुटला आणि बरोबर लागला. शाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हा मला श्रावणबाळासाठी रडू आलं होतं. आता पन्नाशी उलटल्यावर वाटतं, गोष्ट दशरथाची आहे. नेम चुकला असता तर बरं झालं असतं, अशी ही गोष्ट आहे. नेम धरणं ही हाताची विद्या, ओळख पटवणं ही डोळ्याची. पहिली चांगली येत असली की दुसरीवाचून अडत नाही, असं माणसाला वाटायला लागतं. राजानं कानानं पाहिलं आणि तिथंच घात झाला.

आमच्या नात्यात एक चाचा होते. कायदा येण्यापूर्वी परवान्याची बारा बोअरची बंदूक घेऊन ते शहापूर-वाड्याच्या रानात जात. मला कळायला लागलं तेव्हा त्यांची शिकार कधीच संपली होती. बंदूक कपाटात असे, काडतुसं दुसऱ्या पेटीत, आणि दोन्हींच्या किल्ल्या दोन वेगळ्या जागी. शिकारीच्या बढाया त्यांनी कधी मारल्या नाहीत. नियम मात्र नमाजाच्या वेळांसारखे पाठ होते.

बंदूक हातात आली की ती भरलेलीच आहे असं धरायचं. काल आपणच रिकामी केली असली तरी आज पुन्हा उघडून पाहायची. चालताना, गप्पा मारताना, चहा पितानासुद्धा नळीचं तोंड कुणाकडे वळता कामा नये. बोट चापावर ठेवायचं नाही, बाहेर सरळ ठेवायचं. कारण माणूस दचकला किंवा ठेचकाळला की मूठ आपोआप आवळली जाते. कुंपण ओलांडताना, मचाणावर चढताना, गाडीत बसताना काडतुसं काढायची. ज्याच्यावर बार काढायचा त्याच्या मागे काय आहे तेही बघायचं. गोळी लागली तरी तिथंच थांबेल असं नाही, आणि झुडपामागे पायवाट असू शकते, पाडा असू शकतो. हाका असेल तर ज्याला जी जागा नेमून दिली ती त्यानं सोडायची नाही. हा शेवटचा नियम सांगताना चाचांचा आवाज चढायचा. जागा सोडलेला सोबती म्हणजे रानातली नवी चाहूल, असं ते म्हणत.

आणि त्यांच्या गळ्यात दुर्बीण असे. हालचाल दिसली की हात आधी दुर्बिणीकडे गेला पाहिजे, बंदुकीकडे नाही. कान बघायचे, तोंड बघायचं, पाय बघायचे. पूर्ण दिसेपर्यंत ते जनावर नव्हेच, असं त्यांचं साधं गणित होतं. उजेड कमी असला, पूर्ण दिसलं नाही, तर बंदूक रिकामी करून घरी यायचं. रिकाम्या हातानं परतण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

कुणी म्हणेल, आता तर बंदुकीवरच दुर्बीण बसवलेली मिळते, मग गळ्यात वेगळी कशाला? तिला स्कोप म्हणतात. पण जगभर जिथं शिकार कायदेशीर आहे आणि तिचं शिक्षण दिलं जातं, तिथं एक गोष्ट निक्षून सांगतात: स्कोपचा उपयोग ओळख पटवण्यासाठी करायचा नाही. स्कोप जिकडे वळला तिकडे नळीही वळते. झाडीत सरपण गोळा करणारी बाई असेल, तर ती बाई आहे हे कळण्यासाठी आधी तिच्यावर बंदूक रोखावी लागेल! पाहून बंदूक रोखणं वेगळं आणि बंदूक रोखून पाहणं वेगळं. दुर्बिणीतून पाहताना चूक झाली तर माणूस डोळे चोळून पुन्हा पाहतो. बंदुकीच्या चुकीला पुन्हा नसतं.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शिकाऱ्यानं भडक नारिंगी कपडे घालावेत असा कायदा आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला मात्र लांबून ओळखू येतो. म्हणजे जनावरापासून लपायचं, पण माणसापासून लपायचं नाही. आपल्याकडे चोरून शिकारीला जाणारा नेमकं उलटं करतो. त्याला माणसापासूनच लपायचं असतं. अंधार, मळकट कपडे, न बोलणं, हाक न मारणं. बेकायदा शिकारीत जनावराइतकाच शिकारीही धोक्यात असतो तो यामुळे. आणि अपघात झाल्यावर मदतीला कुणाला बोलवायची सोयही राहत नाही.

बंदुकीकडून दुर्बिणीकडे हा प्रवास आपल्या देशानं केलेला आहे, आणि त्यातलं मोठं नाव आपल्या मुंबईचं आहे. १८९६ साली जन्मलेल्या सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालेल का, हे विचारायला ते मामांकडे, अमिरुद्दीन तय्यबजींकडे गेले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडलं. तिथं पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडले आणि त्या मुलाचं आयुष्य बदललं. तेव्हाची रीतच ती होती: आधी पाडा, मग ओळखा. पुढं अभ्यासासाठी स्वतः सालिम अलींनीही पक्षी टिपले. पण १९४१ साली आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरच्या पुस्तकानं सामान्य माणसाला जिवंत, उडता पक्षी नजरेनं ओळखायला शिकवलं.

याचं पुढचं पान आपल्या महाराष्ट्रातच लिहिलं गेलं. वनपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. एकोणिसाव्या शतकात ते सापडलं ते बंदुकीनं टिपलेल्या मोजक्या नमुन्यांच्या रूपानं, आणि १८८४ नंतर दिसेनासं झालं. जगानं ते संपलं असं धरलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या रानात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते पुन्हा दिसलं, भर दिवसा, फांदीवर बसलेलं. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याच्या डोक्यावर अगदी थोडे. एवढ्याशा फरकावर ओळख पटायची होती. त्यांनी दुर्बिणीतून न्याहाळलं, फोटो काढले, चित्रीकरण केलं. ११३ वर्षांनी सापडलेला पक्षी कुणी पाडला नाही, आणि तरीही तोच तो, याबद्दल शंका उरली नाही. २०१४ साली तो तानसा अभयारण्यात, म्हणजे आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्याच्या बाजूला दिसला, तेव्हा मला पाहुणा दारात आल्यासारखा आनंद झाला होता.

श्रोते हो, मी ज्या गावात राहतो तिथं कापडाची पारख भिंगानं होते. चौकोनी छोटं भिंग कापडावर ठेवतात आणि इंचात धागे किती ते मोजतात. विणकर काहीही सांगो, व्यापारी काहीही ऐकून आलेला असो, मोजल्याशिवाय सौदा नाही. कापडाच्या बाबतीत इतकं शहाणं असलेलं हे गाव माणसांच्या बाबतीत मात्र कानानं पाहत आलं होतं. १९७० ची दंगल मी घरातल्या मोठ्यांकडून ऐकली. १९८४ ची मी शाळकरी वयात पाहिली. तिकडे माणसं जमलीत, इकडून येताहेत, असं कुणीतरी सांगायचं. कुणीही जाऊन पाहायचं नाही. प्रत्येक गल्लीला दुसऱ्या गल्लीत श्वापद ऐकू येत होतं.

पुढं १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं आणि पोलीस एकत्र बसू लागले. समोरासमोर बसलं की माणूस पूर्ण दिसतो. चाचांच्या भाषेत सांगायचं तर कान, तोंड, पाय, सगळं. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. मी शिकारीच्या विषयावरून भरकटलो असं समजू नका. पाहण्याआधी नेम धरायचा नाही, हा एकच नियम आहे. रानात तो एका माणसाचा जीव वाचवतो, गावात कितीतरी माणसांचे.

आता थोडं कामाचं. दुर्बीण घ्यायची तर फार मोठी घेऊ नका. तिच्यावर ८ गुणिले ४२ असे आकडे असतात. पहिला म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पहिला आकडा वाढला की हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो, म्हणून आठ पट पुष्कळ झालं. दुसरा मोठा असला की संध्याकाळच्या उजेडात बरं दिसतं. आधी डाव्या डोळ्यानं मधलं चाक फिरवून चित्र स्पष्ट करा, मग उजव्या डोळ्याचं वेगळं कडं फिरवा. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी वाट्या दुमडा. सूर्याकडे मात्र चुकूनही वळवू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. पट्टा गळ्यात घाला, आणि आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी शोधून, नजर तिथंच ठेवून दुर्बीण वर उचला.

आणि कुठं जायचं? हिवाळ्यात ऐरोलीला ठाणे खाडीवर जा. २०१५ पासून ते रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे, २०२२ साली रामसर यादीत त्याचं नाव आलं. लांबून चिखलावर गुलाबी रेघ दिसते. दुर्बीण लावली की रेघेची एकेक चोच होते, एकेक डोळा होतो. सोबत घरातलं एखादं लहान मूल न्या. त्याला दिसेपर्यंत थांबा, आणि त्यानं "दिसलं!" म्हटलं की विचारा, काय दिसलं ते नीट सांग बघू.

नमस्कार. खुदा हाफिज.