दगडी घरं कोणी बांधली?
(दिवा येथील शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



आपण बसलोय त्या दिव्याच्या अंगाने उल्हासची खाडी कल्याणकडे जाते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक पोथीत कल्याण बंदराचं नाव आहे, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचंही वर्णन आहे. पुढे इ.स. 915 च्या सुमारास मसूदी नावाचा अरब प्रवासी आपल्या चौलला आला, तो आफ्रिकेलाही गेला. तिकडचे हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात येतात, असं त्याने लिहिलंय. इकडून कापड आणि काचमणी जात. गलबतांना साग लागे, तो घाटातल्या रानांतला. तो कोणी तोडला, कोणी ओढला, हे कुठल्याच पोथीत नाही.

तिकडेही तसंच. किल्वा, मोंबासा ही स्वाहिली लोकांची बंदरं, पोवळ्याच्या दगडात बांधलेली. लोक मुसलमान झाले, बोलीत अरबी शब्द आले, म्हणून साहेब म्हणाले, ही शहरं अरबांचीच. पण स्वाहिली ही बांटू घराण्यातली भाषा. माणसाला स्वाहिलीत म्हणतात 'म्टु', आत डोंगरातल्या शोना भाषेत 'मुन्हु', दक्षिणेला झुलूत 'उमुन्टु'. सगळी एकाच घरची. ही माणसं तीन-चार हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून, कॅमेरूनच्या बाजूने, शेती करत, पुढे लोखंड गाळत पसरली. (वाटेत आधीचे शिकारी लोक होते, त्यांना मागे सरावं लागलं, हेही खरंच.) लिखाण नव्हतं, पण शब्दांवरून माग लागला. भाषा हाच त्यांचा सातबारा!

बंदरात सोनं यायचं ते आतून, शोना लोकांच्या मुलखातून. तिथे ग्रेट झिंबाब्वे नावाचं दगडी नगर आहे. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि भिंत कुठे कुठे 11 मीटर उंच. सहा-सातशे वर्षांपूर्वी ते भरभराटीत होतं. तिथे हिंदुस्थानी काचमणी सापडले, किल्व्याचं नाणंही सापडलं.

1890 साली गोऱ्यांची कंपनी त्या मुलखात शिरली. ते म्हणू लागले, हे काळ्यांचं काम नव्हे, कोणी परदेशी राणीने बांधलं असेल. असं का म्हणावं लागलं? नगर यांचं ठरलं तर जमीनही यांचीच ठरते ना! 1905 साली आणि पुन्हा 1929 साली उत्खनन झालं. केटन-थॉम्प्सन या बाईंनी स्पष्ट सांगितलं, बांधणारे इथलेच आफ्रिकी. तरी 1930 च्या कायद्याने सुमारे निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांच्या नावे झाली. पुढे 1965 नंतरच्या गोऱ्या सरकारला तर माहितीपुस्तकातही खरं छापलेलं चालेना. 1980 साली राज्य गेलं, आणि देशाने त्या दगडी घरांचंच नाव घेतलं.

आपल्यालाही साहेब 'अतिक्रमणवाले' म्हणतो आणि कागद मागतो. तर पुढच्या बैठकीआधी प्रत्येक पाड्याने एवढं करावं. जुने बांध, विहिरी, आजोबांनी लावलेले आंबे, गावदेवाचे दगड, मसणवट, सगळं म्हाताऱ्यांना घेऊन फिरून बघा. शिकलेल्या पोराने वहीत उतरवावं. शेताच्या, ओहोळाच्या नावांमागची गोष्टही लिहा. एकसाली प्लॉटाचे कागद असतील तर आणा. आणि रेंजरने दंड केल्याच्या जुन्या पावत्या चुलीत घालू नका. त्या वर्षी तुम्ही ती जमीन कसत होता, हे त्यानेच लिहून दिलंय.