घरी चालतं, रानात बंद पडतं: जुन्या मोटरहोमची वीज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, दहावीच्या फिजिक्सपलीकडे आपण जाणार नाही.

मी फिनिक्सला राहतो, दिवसभर कोडमधल्या चुका शोधतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक जुनी मोटरहोम घेतली, १९९६ ची. कारण एकच. ऑक्टोबरअखेर मिरजेहून आई-बाबा येणार होते, आणि आईला ग्रँड कॅन्यन बघायचा होता. तोही सकाळी स्वतःच्या हातचा चहा पीत.

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा साधारण ७,००० फुटांवर आहे. ऑक्टोबरअखेर तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. आम्हाला जागा मिळाली मेदर कॅम्पग्राउंडमध्ये, आणि तिथे गाडीला वीज जोडायची सोय नाही. म्हणजे रात्रभर भरवसा फक्त गाडीतल्या बॅटरीवर. म्हणून आधी एकटाच फ्लॅगस्टाफजवळ एक रात्र काढायला गेलो. रात्री दोन वाजता थंडीनं जाग आली. फर्नेस, म्हणजे गॅसवर चालणारा हीटर, त्याचा पंखा फिरतोय पण हवा गार. आगच पेटत नव्हती.

सकाळी घरी आलो, गाडी घराच्या विजेला जोडली, फर्नेस लावला. पहिल्या झटक्यात पेटला! आमच्या धंद्यात ज्याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात, अगदी तेच.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. मोटरहोममध्ये एक नाही, तीन विजा असतात. एक इंजिनाची १२ व्होल्ट. दुसरी घराची १२ व्होल्ट, तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा, गॅस डिटेक्टर. आणि तिसरी बाहेरून किंवा जनरेटरमधून येणारी १२० व्होल्ट. या तिसरीतून दुसरी बनवणारा डबा म्हणजे कन्व्हर्टर. गाडी बाहेरच्या विजेला जोडली की तोच बॅटरी चार्ज करतो आणि दिवेही चालवतो. काही बिघडलं की पहिला प्रश्न हा: तिघींपैकी कोणती? हे न विचारता मी सुटे भाग बदलत सुटलो.

आधी नवीन बॅटरी. मग फर्नेसचा कंट्रोल बोर्ड. तो बसवला, घरासमोर चाचणी घेतली, छान चालला. पुन्हा फ्लॅगस्टाफ, पुन्हा रात्री गार. चारशे डॉलर गेले आणि आई-बाबांचं विमान बारा दिवसांवर आलं.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत, आयुष्य लाइनवर गेलं. व्हिडिओ कॉलवर त्यांना मल्टीमीटर दाखवला. म्हटलं, "बाबा, हे बघा, बॅटरी १२.७ दाखवतेय. एकदम भरलेली आहे." ते म्हणाले, "अरे, तक्रार बॅटरीची आहे का? मग मीटर तिथे कशाला लावतोयस? तक्रार आहे तिथे लाव. आणि लोड चालू ठेवून बघ."

आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

गाडीची बाहेरची वीज काढली, म्हणजे रानातली परिस्थिती घरीच तयार केली. बिघाड आपल्यासमोर पुन्हा घडला पाहिजे, नाहीतर आपण अंधारात बाण मारतो. फर्नेस लावला आणि पंखा फिरत असताना मोजलं. बॅटरीवर १२.३ व्होल्ट. फर्नेसच्या तारांवर १०.१. मधले २.२ व्होल्ट कुठे गेले?

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी फर्नेसच्या प्लसवर. फरक ०.३. ठीक. मग मायनस ते मायनस. इथे ०.१-०.२ च्या आत आकडा हवा. आला १.९! चोर परतीच्या वाटेवर होता.

आपण प्लसची तार तपासतो, फ्यूज तपासतो, आणि मायनसला गृहीत धरतो. पण वीज जाते तितकीच परत यावी लागते. मोटरहोममध्ये परतीची वाट बऱ्याचदा गाडीच्या लोखंडी चासीतून असते, आणि पंचवीस-तीस वर्षांत तिथल्या बोल्टखाली गंज चढतो. माझा बोल्ट पायरीच्या मागे, चिखलात होता. हात लावला तर गरम. साधारण सहा अँपिअर गुणिले १.९ व्होल्ट, म्हणजे अकरा वॉट उष्णता त्या एका बोल्टमध्ये.

आता आग का पेटत नव्हती? फर्नेसमध्ये एक सेल स्विच असतो, वाऱ्यानं ढकलला जाणारा पत्रा. पंखा पुरेशा वेगानं फिरला तरच तो जुळतो आणि पुढे गॅस सुटतो. घरी कन्व्हर्टर १३.६ व्होल्ट देत होता, त्यातून २.२ गेले तरी ११.४ उरत. पंखा जोरात. रानात १०.१, पंखा मंद, स्विच उघडाच. म्हणजे नवा बोर्ड निर्दोष होता, आणि जुनाही.

बॅटरीचं मायनस काढलं, बोल्ट सोडवला, तारेच्या ब्रशनं चासी चकचकीत होईपर्यंत घासली, तारेला नवं लग दाबून बसवलं, आवळून वर ग्रीस. पुन्हा मोजलं: ०.०८. खर्च सहा डॉलर.

पण त्याच दिवशी जे सापडलं त्यानं झोप उडाली. गॅस डिटेक्टरची तार कुणीतरी आधीच कापून टेप लावून ठेवली होती. व्होल्टेज कमी झालं की तो टीं-टीं करतो. आधीच्या मालकाला त्याचा त्रास झाला असणार, म्हणून तोंड बंद केलं. शिवाय १५ अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज. फ्यूज उपकरणाला नाही, तारेला वाचवतो. मोठा फ्यूज लावला की फ्यूजऐवजी तार जळते, तीही लाकडी भिंतीच्या आत. एकाच गंजक्या बोल्टसाठी कुणीतरी अलार्म कापला होता, आणि त्याच गाडीत गॅसचा हीटर लावून मी आई-बाबांना झोपवणार होतो. मी स्वतः तर दोन रात्री झोपून आलो होतो.

डिटेक्टर नवाच घेतला, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींचा. त्याला मुदत असते, मागे तारीख बघा. फ्यूज पुन्हा १५ चा. आणि दोन सूचना. तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका: काळी तार १२० व्होल्टमध्ये जिवंत असते, आणि १२ व्होल्टमध्येही ती बऱ्याचदा प्लस असते. आणि गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ती १२० ची भानगड आहे. लांब व्हा, बाहेरची वीज आधी खांबावरच्या ब्रेकरनं बंद करा आणि जाणकाराला बोलवा. तिथे हिरोगिरी नको.

ट्रॅव्हलरवर कॅम्पर बांधणाऱ्या पुण्या-कोल्हापूरच्या मित्रांनो, १२ व्होल्टचा हिशोब तुमच्याकडेही हाच आहे.

आणि कॅन्यन? पहिल्या रात्री बारा वाजता आईनं हाक मारली. मी धडपडत उठलो. म्हणाली, "अरे, बंद कर तो हीटर, उकडतंय." बंद केला. अंधारात डिटेक्टरचा हिरवा दिवा तेवढा दिसत होता. तो बघत पडून राहिलो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि मोजल्याशिवाय काही बदलू नका.