निरीक्षण कुणाचं?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, त्याची माहिती आता तुमच्या मुलांनाच माझ्यापेक्षा जास्त आहे. त्यापेक्षा इंटरनेटवर बघून मी घरात काय काय करायला गेले आणि ते कसं बिघडलं, ते सांगते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बरं, पण दहा मिनिटांत आवर."

सुरुवात आपल्या विज्ञानाच्या प्रयोगवहीपासून करते. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. आठवतंय ना? आणि हेही आठवत असेल की आपल्यातले निम्मे जण निरीक्षण मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून काढायचे. त्या निम्म्यांत मी होते. एकदा सरांनी माझ्या वहीत लाल शाईने तीनच शब्द लिहिले : "हे निरीक्षण कुणाचं?" मी लाजले आणि विसरून गेले. तो प्रश्न मला पुन्हा भेटला २०२० साली, पुण्यातल्या फ्लॅटच्या ओट्यापाशी.

टाळेबंदीचे दिवस होते. सगळे घरात. कुणी कॉफी फेटत होतं, कुणी कुकरमध्ये केक करत होतं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. आम्ही दोघींनी ठरवलं, घरी साबण करायचा. सहा मिनिटांचा व्हिडिओ. साहित्य तीनच : खोबरेल तेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी. मी मापं लिहून घेतली, इतकी वाट्या हे, इतकी वाटी ते. आईकडून आणलेलं जर्मनचं पातेलं काढलं आणि पाण्यात कॉस्टिक टाकला.

पाणी आपोआप कढत झालं. ते व्हिडिओत सांगितलं होतं. पण पाठोपाठ पातेलं फसफसायला लागलं, काळं पडलं, घशात जाणारी वाफ आली आणि शिंतोडे उडाले. मुलीला मी मागे ढकललं. हा मनगटावरचा डाग तेव्हाचा. पंधरा-वीस मिनिटं हात नळाखाली धरला म्हणून एवढ्यावर निभावलं. शेजारच्या शेगडीवर चहा उकळत होता. खिडकी उघडी होती हे नशीब, कारण कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, आणि हायड्रोजन पेटतो. हे मला कळायला हवं होतं. मी इंजिनिअर आहे, त्याआधी आपल्याच शाळेत शिकलेली आहे.

संध्याकाळी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्या बाईंचं पातेलं स्टीलचं होतं. दिसत होतं, पण त्या तसं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या घरात जर्मनचं पातेलं नसेलच, मग त्या कशाला सांगतील?

दुसरी चूक वाटीची. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाचा साबण व्हायला साधारण ९० ग्रॅम कॉस्टिक लागतो. तेवढ्याच शेंगतेलाला साधारण ६८ ग्रॅम पुरतो. म्हणजे तेल बदललं की माप बदललं. कॉस्टिक जास्त झाला तर तो साबणात तसाच राहतो आणि कातडी भाजतो. तो कधी पापुद्र्यांचा मिळतो, कधी मण्यांसारखा, त्यामुळे एका वाटीत प्रत्येक वेळी वेगळं वजन बसतं. साबणाला वजनकाटाच हवा.

आमच्या कामात इंटरनेटवरून उचललेला कोड आधी वेगळ्या ठिकाणी चालवून बघतात. "माझ्या मशीनवर चालतंय की" असं म्हणणाऱ्याला आम्ही सगळे हसतो. पण घरी मीच दुसऱ्याच्या मशीनवर चाललेली गोष्ट, लहान मूल शेजारी उभं करून, थेट चालवली होती.

मी धडा घेतला. काटा आणला, ग्रॅमपर्यंत मोजणारा. आणि मग दुसऱ्या बाजूने पडले.

२०२२ च्या मार्चमध्ये माझी आई गेली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्या हातचं खाल्लंय. तिने आदल्या उन्हाळ्यात केलेल्या चटणीची एक बरणी माझ्याकडे होती. कोल्हापूरच्या माणसाला चटणी म्हणजे काय ते सांगायला नको, पुण्यात मात्र दरवेळी ‘कांदा-लसूण मसाला’ असं भाषांतर करावं लागतं. ती बरणी मी पुरवून पुरवून वापरली. तळ दिसायला लागला तेव्हा जून उजाडला होता.

आईला मी कधी विचारलं नव्हतं. ती करायची, मी घेऊन जायचे. म्हणून पुन्हा व्हिडिओ. पाच पाहिले, पाचांचा तक्ता केला. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, सुकं खोबरं, तीळ, धने, जिरे, गरम मसाला, लसूण, कांदा, खडे मीठ. सगळं काट्यावर तोललं. रंग आला, वासही जवळपास तोच आला. सहा आठवड्यांनी बरणी उघडली तर वर बुरशी. सगळी चटणी टाकून दिली. त्या दिवशी मी आई गेल्यावर रडले नव्हते तेवढी रडले. मुलीला वाटलं, चटणीसाठी रडतेय. तेही खरंच होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मी सगळं सामान घेऊन वडगावला आले. वाठारला हायवे सोडून आत वळलं की मला अजून दहावीचा निकाल घ्यायला निघाल्यासारखं वाटतं. आई जिथे चटणी कुटायची त्याच डंकावर गेले. तिथल्या मावशींनी माझ्या डब्यातली तळलेल्या कांद्याची एक चकती उचलली, दोन बोटांत दाबली आणि म्हणाल्या, "आगं, ह्यो मऊ हाय की! तुझी आई दोन-तीन दिवस गच्चीवर उन्हात वाळवून मग तळायची. चुरला की वाजाय पाहिजे. मऊ कांदा घातलास तर चटणी टिकंल कशी?"

व्हिडिओत होतं, ‘कांदा तांबूस तळून घ्या.’ मी तांबूस तळला होता. वजनही बरोबर होतं. पण कांद्यात पाणी किती उरलंय हे रंग सांगत नाही आणि काटाही सांगत नाही. ते बोटांना कळतं, कानाला कळतं. शिवाय मी तो उद्योग पुण्यात पावसाच्या तोंडावर केला होता. चटणी उन्हाळ्यात का करतात, हे उभं आयुष्य बघूनही मी कधी विचारलं नव्हतं.

साबणाला काटा लागतो, चटणीला बोटं लागतात. कुठे काय लागतं हे ओळखणं म्हणजेच ती गोष्ट येणं. आणि ते स्वतः करून, बिघडवून, लिहून ठेवल्याशिवाय येत नाही.

त्याच मुक्कामात आईचं कपाट आवरताना तिची ‘रुचिरा’ सापडली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळे घराघरांत गेलं. आपल्या आयांचं इंटरनेट तेच होतं. आईच्या प्रतीचा पुठ्ठा सुटला होता, पानांवर तेलाचे डाग होते. आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षर : "साखर जास्त होते. आपल्या वाटीने पाऊण." एके ठिकाणी "दिवाळी ८९, विरघळले." त्याच्याखाली "दिवाळी ९०, जमले. आच मंद." मी जमिनीवर बसून अख्खं पुस्तक पाहिलं. सातवी शिकलेल्या माझ्या आईने प्रयोगवही लिहिली होती. निरीक्षण तिचं स्वतःचं होतं.

चटणीबद्दल मात्र त्यात एक ओळ नाही. ती पुस्तकातून शिकलीच नव्हती, म्हणून लिहायची गरजच पडली नसावी. ती ओळ मी लिहून घ्यायची होती.

इंटरनेटवरचं सगळंच असं फसवतं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच काळात माझी मुलगी अरविंद गुप्तांच्या खेळण्यांच्या नादाला लागली. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्यात टेल्कोत होता. १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि आगकाडी व सायकलच्या वॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार जोडायला लागला. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलं, शेकडो खेळणी आणि पुस्तकं इंटरनेटवर फुकट ठेवली. २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कृतींमध्ये मला एक गोष्ट आवडली : सामान इतकं स्वस्त की मोडलं तरी कुणी ओरडत नाही, म्हणून मूल पुन्हा करून बघतं. आमच्या सोसायटीजवळ ती नळी मिळेना. ती मिळाली वडगावात, सायकलच्या दुकानात. दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत, फक्त तयार झाल्यावर दाखवायला सांगितलं. तिने त्रिकोण केला, चौकोन केला, आणि मला विचारलं, "आई, चौकोन हलतो आणि त्रिकोण हलत नाही, असं का?" व्हिडिओत उत्तर होतं. मी ते लावलं नाही. म्हटलं, आधी वहीत लिही, काय दिसलं ते.

आता आमच्या घरात दोघींची मिळून एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर कॉस्टिक आणि जर्मनचं पातेलं आहे, लाल शाईत.

मित्र-मैत्रिणींनो, आपल्यापैकी ज्यांचे आईवडील आहेत, त्यांना एक विनंती. या उन्हाळ्यात त्यांच्या शेजारी वही घेऊन उभे राहा. व्हिडिओ काढा, जरूर काढा, पण विचारा : हे आत्ताच का काढलं? झालं हे कशावरून ओळखलं? बिघडलं कधी होतं? बिघडलेलं कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून ते विचारावं लागतं.

सर, त्या तीन शब्दांचं उत्तर द्यायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली. जेवणाच्या टेबलावर प्रत्येकासाठी चटणीची एक पुडी ठेवली आहे. यंदा मीठ किंचित जास्त झालंय. तशी नोंद वहीत केली आहे. निरीक्षण माझं स्वतःचं आहे.