निर्दोष हेतु आणि निर्मळ खेळ



चर्चगेटपासून सुमारें ६० किलोमीटरवर असलेल्या विरार स्टेशनांत पहाटेच्या गाडीपाशीं उभें राहिलें, तर कामावर निघालेल्या माणसांच्या गर्दींत पाठीवर बॅटींची पिशवी घेतलेलीं मुलेंहि दिसतात. मुंबईच्या मैदानांकडे जाणारी त्यांची वाट याच फलाटावरून सुरू होते. पृथ्वी शॉ हा याच वाटेनें पुढें गेलेला खेळाडू. नोव्हेंबर २०१३ मध्यें, अवघ्या चौदाव्या वर्षीं, त्यानें हॅरिस शील्डच्या एका डावांत ५४६ धावा केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्यें राजकोट येथें पहिल्याच कसोटींत त्यानें १३४ धावा काढल्या.

त्याच शॉवर क्रिकेट नियामक मंडळानें ३० जुलै २०१९ रोजीं आठ महिन्यांची बंदी जाहीर केली. इंदूर येथें मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळीं, २२ फेब्रुवारीस, घेतलेल्या मूत्राच्या नमुन्यांत टर्ब्युटॅलीन आढळलें होतें. हें द्रव्य श्वासनलिकेचे स्नायु सैल करतें, व खोकल्याच्या कित्येक औषधांत तें असतें. खोकल्यासाठीं आपण औषध घेतलें, असें शॉनें सांगितलें. हें अजाणतां घडलें, हें मंडळानेंहि मान्य केलें.

मग शिक्षा कशासाठीं? असा प्रश्न सहजच मनांत येतो. त्याचें उत्तर असें, कीं हेतु मनांत असतो आणि मन कोणत्याहि प्रयोगशाळेंत तपासतां येत नाहीं. ‘मला ठाऊक नव्हतें’ एवढ्या शब्दांवर सुटका होऊं लागली, तर जाणूनबुजून फसवणारा मनुष्य हे शब्द सर्वांआधीं पाठ करील. म्हणून शरीरांत जें सांपडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, असा नियम जगभर मानला जातो. हेतूचा विचार होतो, परंतु तो शिक्षेचें माप ठरवितांना. तो शॉच्या बाबतींतहि झाला. नियम कठोर आहे. पण समोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्याहून दुसरें संरक्षण नाहीं.

मात्र कठोर नियम न्याय्य ठरण्यास दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, असें मला वाटतें.

पहिली अट ही, कीं निवाडा तिऱ्हाइतानें करावा. शॉच्या प्रकरणीं चाचणीची व्यवस्था, आरोप आणि निर्णय हीं तिन्ही कामें, ज्याच्यासाठीं तो खेळत होता त्या मंडळाच्याच हातीं होतीं. बंदीचा काळ १६ मार्चपासून १५ नोव्हेंबरपर्यंत धरण्यांत आला. त्यानें दोष तत्काळ कबूल केला आणि झालेला विलंब त्याच्यामुळें नव्हता, या कारणांसाठीं नियमांत तशी तरतूद होती. परंतु त्यामुळें बंदी जाहीर झाली त्या दिवशीं निम्म्याहून अधिक काळ सरलेला होता, आणि त्या सरलेल्या काळांत तो इंडियन प्रीमियर लीगचे सामने खेळलेला होता. मंडळाचा निर्णय सर्वस्वीं प्रामाणिक असेल. तरी पाहणाऱ्याच्या मनांतील शंका अशानें फिटत नाहीं.

याउलट सलग तीन वेळां महाराष्ट्र-केसरी झालेल्या नरसिंग यादवचें २०१६ मधील प्रकरण पाहा. त्याच्या नमुन्यांत स्नायुवर्धक द्रव्य निघालें. कोणी तरी कपटानें तें आपल्या पोटांत घातलें, हें त्याचें म्हणणें देशांतील ‘नाडा’ संस्थेच्या समितीनें मानलें व त्याला मोकळें केलें. पण जागतिक संस्थेच्या अपिलावर क्रीडा लवादानें, रिओ येथील त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशीं, चार वर्षांची बंदी घातली. द्रव्यें वेगळीं, म्हणून शिक्षांची तुलना येथें करूं नये. परंतु आपल्या माणसाविषयींची आपुलकी त्या लवादाच्या आड येण्याचें कारण नव्हतें, एवढें खरें. ऑगस्ट २०१९ मध्यें क्रिकेट मंडळानेंहि ‘नाडा’ची चाचणी स्वीकारली, हें योग्यच झालें.

दुसरी अट ज्ञानाची. मोठ्या संघाबरोबर डॉक्टर असतो. विरारच्या फलाटावरील मुलाजवळ औषधाच्या दुकानाची पावती तेवढी असते. नियम दोघांना सारखा, पण त्याची माहिती सारखी नाहीं. ही उणीव अंशतः आपल्या घरांतच भरून काढतां येईल. मूल स्पर्धेंत खेळतें हें डॉक्टरांना आधीं सांगावें, बाटलीवरील घटक वाचून घ्यावे. औषध अपरिहार्यच असेल, तर उपचारासाठीं सूट मागण्याची सोय नियमांतच आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्यें बंदी संपतांच शॉ पुन्हा मुंबईकडून खेळूं लागला. त्याच्या ५४६ धावा कोणी पुसल्या नाहींत, व पुसण्याचें कारणहि नव्हतें. परंतु धावांची वही आणि निर्मळपणाची वही या दोन निरनिराळ्या वह्या आहेत. पहिलींतील मोठा आंकडा दाखवून दुसरींतील बाकी माफ करून घेतां येत नाहीं. तशीच दुसरींतील एक चूक दाखवून पहिलींतील मेहनत खोडतां येत नाहीं. आपल्या मुलांना मैदानावर धाडतांना या दोन्ही वह्या त्यांच्या हातीं द्याव्या, एवढेंच माझें सांगणें आहे.