मोठ्या कुत्र्याची शिदोरी

महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागे एक कुत्रा चालू लागला, ही कथा मराठी घरांत सर्वांच्या परिचयाची आहे. त्या प्रवासाला सामान असे काहीच नव्हते. वाटेत द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले. कुत्रा मात्र अखेरपर्यंत धर्मराजाच्या मागे चालत राहिला. पण धर्मराजाला परत यावयाचे नव्हते. आजच्या गृहस्थाला रविवारी पहाटे निघून संध्याकाळच्या आत घरी परतावयाचे असते, आणि कुत्र्यालाही परत आणावयाचे असते. म्हणूनच त्याला सामानाचा विचार करावा लागतो.

1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली आणि भिलाईचे पोलादनगर वसले. 1956 पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. तेव्हा मराठी माणूस येथे अगदीच परका नव्हे. भिलाईची भूमी सपाट. डोंगर चढावयाचा तर पश्चिमेस डोंगरगढकडे, नाहीतर दक्षिणेस दल्ली-राजहराच्या बाजूला जावे लागते. अंगणात वाढलेला अल्सेशियन किंवा लॅब्रॅडोर बरोबर न्यावा, असा मोह अशा वेळी होतो. मोहात वावगे काही नाही. मात्र मोठा कुत्रा म्हणजे तीस-पस्तीस किलोंचा जीव, ही गोष्ट निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावयास हवी.

जुलै 2020 मध्ये इंग्लंडमधील सर्वांत उंच पर्वत, स्काफेल पाइक, उतरताना डेझी नावाची सेंट बर्नार्ड जातीची कुत्री वाटेतच बसली. मागचे पाय दुखू लागले होते; ती जागची हलेना. तिचे वजन 55 किलो. बचाव पथकाच्या सोळा स्वयंसेवकांनी तिला स्ट्रेचरवर घालून खाली आणले, त्याला पाच तास लागले. आल्प्सच्या बर्फात माणसांना वाचविण्यासाठी जी जात प्रसिद्ध झाली, तिच्यातील एकीला माणसांनी उचलून आणावे लागले! आपल्याकडील रानवाटांवर अशी पथके हाकेच्या अंतरावर नसतात. म्हणून सामानात एक जाड, मजबूत चादर अथवा ताडपत्रीचा तुकडा असावा. कुत्र्याला त्यावर निजवून दोघांना दोन्ही टोकांनी उचलता येते. अर्थात दुसरा माणूस बरोबर असावा, हे ओघानेच आले.

पण उचलण्याची वेळ येऊ न देणे अधिक चांगले, आणि त्यासाठी पाणी हवे. माणसाचे सर्वांग घामाने निवते. कुत्र्याला घाम येतो तो प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांना. त्याचा सारा भरवसा धापा टाकण्यावर. शिवाय धनी चालतो आहे तोवर इमानी कुत्रा थांबत नाही. दमलो, असे त्याला सांगता येत नाही. त्याचे शरीर मुळात 38 ते 39 अंश सेल्सियस असते. 41 अंशांपलीकडे जिवाला धोका. तीस किलोंच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला सुमारे दीड लिटर पाणी लागते, चालताना त्याहून पुष्कळ अधिक. तेव्हा सकाळच्या फेरीसाठीही त्याच्या वाटचे दोन-तीन लिटर निराळे घ्यावे, आणि एक पसरट भांडे घ्यावे. जीभ लोंबून चाल अडखळू लागली की सावलीत थांबावे, पोट, जांघा व पंजे पाण्याने भिजवावेत, वारा घालावा. मुळात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने निवडावेत. हाताचा मागचा भाग दगडावर काही क्षण टेकविता येत नसेल, तर त्या दगडावर कुत्र्याचे पाय भाजतात.

खाणे थोडे असावे. छाती खोल असलेल्या मोठ्या जातींमध्ये भरल्या पोटी धावपळ झाल्यास जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. आपल्या शिदोरीतील भाकरीचा तुकडा चालेल. मात्र भाकरीबरोबरचा कांदा, खिशातील मनुके आणि चॉकलेट ही त्याला विषासमान होत. माणसाच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. औषधांच्या पिशवीत कापूस, पट्टी, जंतुनाशक, गोचिडी व काटे काढण्याचा चिमटा आणि पंजा कापल्यास चढविण्यासाठी जाड मोजा असावा. एक मऊ फडकेही असावे, कारण दुखावलेला कुत्रा धन्यालाही चावतो. जखम बांधताना त्याने तोंड सैलसर बांधता येते. कुत्रा धापा टाकत असेल किंवा ओकत असेल, तर मात्र तोंड बांधू नये.

गळ्यातील पट्ट्यापेक्षा छातीभोवतीचा रुंद पट्टा बरा, साखळीपेक्षा दोन मीटरांचा भक्कम पट्टा बरा, आणि तो हातातून सुटू नये. छत्तीसगढच्या रानात अस्वले आहेत, बिबटे आहेत. मोकळा सुटलेला कुत्रा अस्वलाला डिवचतो आणि भेदरून धन्याकडेच धाव घेतो. बिबट्याला तर कुत्रा हे भक्ष्यच. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांत कुत्र्याला नेऊच नये. पाळीव कुत्र्यांतील रोग वन्य प्राण्यांना जडतात. 1994 साली सेरेंगेटीतील शेकडो सिंह कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगानेच दगावले. म्हणून रेबीज व डिस्टेंपरच्या लशी वेळेवर टोचलेल्या असाव्यात आणि गळ्यात धन्याचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा.

निरोगी, वयात आलेला कुत्रा आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके ओझे पाठीवर वाहू शकतो. पिल्लावर वा म्हाताऱ्या कुत्र्यावर ते लादू नये. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी अंगणात एक परीक्षा जरूर घ्यावी: चादरीवर कुत्र्याला निजवून दोघांनी शंभर पावले चालून पाहावे. तेवढे जमले नाही, तर डोंगर पुढच्या खेपेसाठी ठेवावा आणि त्या रविवारी तळ्याकाठची सावलीची वाट धरावी.